वीसच्या आतली शाळा कोणाची?



गावातली शाळा बंद होते तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते ती आकड्यांची. किती शाळा, किती पट, किती शिक्षक ‘अतिरिक्त’. पटसंख्या, संचमान्यता, समायोजन, निर्लेखन हे शब्द अधिकाऱ्यांच्या बैठकीतले. आपल्या बैठकीत त्याच गोष्टीला दुसरे शब्द असतात. ‘पोरीला आता घरीच ठेवलंय.’ ‘ओढ्याला पाणी आलं की जाता येत नाही.’ ‘सोडायला-आणायला गेले तर माझा रोज बुडतो.’ दोन्हीकडचे बोलणे एकाच निर्णयाबद्दल चालले आहे. पण निर्णय घेणाऱ्या कागदावर पहिल्याच शब्दांना जागा आहे. म्हणून या वेळचे संपादकीय शाळेच्या हिशेबावर.

आधी घडले काय ते पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवायचे जाहीर केले. गवगवा झाला, काही शाळा वाचल्या, काही गेल्या. मग दहाचा आकडा वीस झाला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली आणि अशा सुमारे पावणेपंधरा हजार शाळा निघाल्या. त्यांत शिकणारी मुले सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार, शिक्षक सुमारे तीस हजार. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने ‘समूह शाळे’चे प्रस्ताव मागवले. आसपासच्या छोट्या शाळा मिटवून एक मोठी शाळा करायची. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही नावे पुढे केली गेली. मोठा विरोध झाल्यावर ‘शाळा बंद करणार नाही’ अशी आश्वासने मिळाली. परंतु १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या पदांचे निकष पटाशी आणखी घट्ट बांधले. शाळेला कुलूप लावायचे नाही, फक्त शिक्षक काढून घ्यायचा, म्हणजे कुलूप आपोआप लागते.

हे एकट्या महाराष्ट्रात चाललेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात छोट्या शाळा आर्थिकदृष्ट्या परवडत नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे. राजस्थानात २०१४ मध्ये हजारो शाळा एकमेकींत मिसळल्या गेल्या. उत्तर प्रदेशात २०२५ मध्ये पन्नासच्या आतल्या शाळांच्या ‘जोड्या’ लावायला सुरुवात झाली आणि पालक न्यायालयात गेले. सगळीकडे युक्तिवाद एकच : पट नाही, पैसा वाया जातो, मोठ्या शाळेत सोयी चांगल्या मिळतील.

पट कोणाचा?

पावणेपंधरा हजार शाळांत एक लाख पंच्याऐंशी हजार मुले, म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा. ही बारा-तेरा मुले कोण आहेत? ती पाड्यावरची, तांड्यावरची, धनगरवाड्यावरची, डोंगरातल्या वाडीवरची मुले आहेत. ज्यांच्याकडे चार पैसे आले त्यांनी आपली मुले पिवळ्या गाडीत बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडली. मागे राहिली ती भूमिहीनांची, दलित-आदिवासी-भटक्यांची. आणि त्यांच्यातही मुली. घरात एकाचीच फी परवडत असेल तर ती मुलाची भरली जाते हे आपल्याला कोणी सांगायला नको. खाजगी शाळांत मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण अधिक, हे ‘असर’च्या पाहण्यांतूनही वर्षानुवर्षे दिसत आले आहे. भाऊ गाडीत, बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यामुळे पट कमी म्हणून ती शाळा बंद करायची ठरवली की घाव बहुतेक वेळा बहिणीवर पडतो.

आणि पट कमी झाला तरी कसा? काही ठिकाणी मुलेच कमी जन्मली, हे खरे. इतकी वर्षे आपल्याला छोट्या कुटुंबाचे धडे दिले गेले. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही असा कायदा याच राज्याने केला आणि त्यात कितीतरी बायकांची पदे गेली. आता त्याच छोट्या कुटुंबांच्या वाडीला ‘तुमची मुले पुरेशी नाहीत’ असे ऐकवायचे!

काही ठिकाणी माणसेच गावात राहिली नाहीत. पण बऱ्याच ठिकाणी पट शासनाच्याच धोरणाने घटला. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि खाजगी शाळांना परवानग्या मिळू लागल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर फलक लागले. इकडे शिक्षकाची जागा रिकामी, जो आहे तो निवडणुकीच्या, जनगणनेच्या, सर्वेक्षणाच्या कामावर, छत गळते, संडासाला पाणी नाही. मग पालक मुले काढून नेणार नाहीत तर काय करणार? एका हाताने दुसरीकडे दार उघडायचे, दुसऱ्या हाताने इथला दिवा विझवायचा आणि मग म्हणायचे, पाहा, इथे कोणी येत नाही.

या शाळांतल्या कित्येक शाळा वस्तीशाळा म्हणून सुरू झाल्या होत्या, हेही विसरू नये. २००० च्या सुमारास राज्यभर वस्तीशाळा उघडल्या त्या वस्ती छोटी आहे, मुले थोडी आहेत आणि मोठी शाळा दूर आहे म्हणूनच. किरकोळ मानधनावर गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी त्या चालवल्या, कधी समाजमंदिरात, कधी कोणाच्या पडवीत. पुढे त्यांना नियमित प्राथमिक शाळांचा दर्जा मिळाला. जे कारण तेव्हा शाळा उघडायला पुरेसे होते, तेच आज बंद करायला पुरेसे ठरते आहे.

एक किलोमीटर म्हणजे किती?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा याबाबत गुळमुळीत नाही. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला परिसरातल्या शाळेत शिकण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर धरले आहे. कलम ६ प्रमाणे अशी शाळा स्थापन करणे ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये एकामागून एक लिहिली आहेत : आपल्या हद्दीतल्या मुलांची नोंद ठेवणे, शाळा उपलब्ध करणे, इमारत, शिक्षक आणि साहित्य पुरवणे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे आपली जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका. कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण, खेळायला जागा हे सारे आहे. कायद्यात ‘पट वीस झाल्यावर’ अशी अट या सोयींना नाही.

एक किलोमीटर नकाशावर सरळ रेषेत मोजला जातो. सहा वर्षांची मुलगी सरळ रेषेत चालत नाही. मध्ये ओढा असतो, रेल्वेचा रूळ असतो, ट्रकचा रस्ता असतो, गुत्ता असतो, वरच्या आळीतून जाताना अजूनही हटकणारी माणसे असतात. एकट्या मुलीला त्या वाटेने कोणती आई पाठवील? मग आईला पोचवायला जावे लागते. रोजगार हमीच्या कामावर किंवा शेतावर उशिरा गेलेल्या बाईला त्या दिवशीचे काम मिळत नाही. नाहीतर मोठी बहीण आपली शाळा सोडून धाकट्यांना नेते-आणते. हे दोन्ही खर्च जिल्हा परिषदेच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत. शाळा बंद करून शासनाचे जे पैसे वाचतात ते असे बाईच्या रोजातून आणि मुलीच्या वर्षांतून वळते केले जातात.

यावर उत्तर म्हणून वाहतुकीची सोय करू असे सांगितले जाते. सोय नकोच असे आपण म्हणत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे आणि त्यामुळे अनेक मुली माध्यमिक शाळेत टिकल्या. मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस धावू लागल्या, सायकली मिळाल्या. त्यांचा उपयोग झाला आहे. पण ही सोय मोठ्या मुलींची आहे. आणि बस म्हणजे शाळा नव्हे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला. कामगारांच्या मागण्यांबद्दल आपल्याला आस्था आहेच, पण त्या पाच-सहा महिन्यांत खेड्यातल्या मुलींचे काय झाले हे आठवा. करोनाची दोन वर्षे आधीच गेली होती. शाळा उघडली आणि गाडी बंद. ज्या मुलीची शाळा पायी जाण्याच्या अंतरावर होती तिचे शिक्षण चालू राहिले. जिची नव्हती तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली. पहिलीच्या पोरीचे शिक्षण डिझेलच्या भावावर आणि ठेकेदाराच्या मर्जीवर टांगायचे का, हा प्रश्न आहे.

ऊसतोडीच्या पट्ट्यात तर पटाचा हिशेबच वेगळा आहे. पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात आणि पोरे आईबापांबरोबर फडावर जातात. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले, आजी घरी असली, गावातली शाळा जागेवर असली तर मुलगी मागे राहू शकते. नाहीतर तीही पाचटात भावंडे सांभाळते आणि लवकरच कोयत्याची जोडी पुरी करायला तिचे लग्न लावले जाते. मुलगी मागे ठेवायला जी जागा हवी, तीच जागा पट कमी म्हणून काढून घेतली तर बालविवाहविरोधी कायद्याच्या भिंतीवर रंगवलेल्या घोषणा काय कामाच्या?

पैसा नाही, मुलींचे नंतर पाहू

हा युक्तिवाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी पुण्यातच तो झाला होता. १९१८ च्या पटेल कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. १९२० मध्ये पुणे नगरपालिकेपुढे प्रश्न आला : सक्ती मुलांपुरती करायची की मुलींनाही? तिजोरीत पैसे नाहीत, तेव्हा आधी मुलगे, मुलींचे मागाहून, असे शहाण्यासुरत्या, नामांकित माणसांनी सांगितले. त्या वेळी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने बायका रस्त्यावर उतरल्या. मुलींनाही सक्तीचे शिक्षण द्या अशी मागणी घेऊन त्या नगरपालिकेवर गेल्या. बायकांना तेव्हा नीटसा मताचा अधिकारही नव्हता. पण कर सगळ्यांच्या घरातून जातो आणि शाळा मात्र अर्ध्यांनाच, हे त्यांना दिसत होते.

त्याहून आधी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता. शेतकऱ्याच्या घामातून सारा आणि लोकल फंडाची पट्टी वसूल होते, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करा, असे त्यांनी सांगितले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. एका लहानशा संस्थानाला जे परवडले ते देशातल्या श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याला परवडत नाही, असे आपण आज ऐकत आहोत.

पैशाचा प्रश्न खोटा आहे असे नाही. तो कोणासाठी, कशावर आणि कोणी ठरवून खर्च करायचा, हे विचारायला हवे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या इमारतीचा पैसा अनेक नळांतून येतो. समग्र शिक्षा योजना, जिल्हा नियोजन समितीची जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस, आमदार-खासदारांचा निधी, ग्रामपंचायतीकडे येणारा वित्त आयोगाचा निधी. नळ पुष्कळ, म्हणून जबाबदार कोणीच नाही. पंचायत समितीत विचारले तर प्रस्ताव वर गेला आहे. वर विचारले तर नियोजन समितीत मंजुरी नाही. तिथे विचारले तर बांधकाम विभागाचे अंदाजपत्रक आले नाही. या फेऱ्यात दोन पावसाळे जातात.

दरम्यान खोली पडते. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेचे छत कोसळून तीन मुलांचा जीव गेला. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदीला सरकारी शाळा कोसळली आणि सात मुले गेली. अशी घटना झाली की आठवडाभर सगळीकडे ‘धोकादायक इमारतींचे सर्वेक्षण’ होते. खोल्यांचे निर्लेखन होते, म्हणजे त्या कागदावरून पुसल्या जातात. पाडलेल्या खोलीच्या जागी नवी कधी होणार ते कोणी सांगत नाही. मुले देवळात किंवा झाडाखाली बसतात. पालक मुले काढतात. पट घटतो. आणि मग पट कमी म्हणून नवी खोली मंजूर होत नाही! हे चक्र तोडायचे असेल तर निर्लेखनाच्या आदेशातच नव्या खोलीची तरतूद आणि मुदत लिहिली पाहिजे.

छोट्या शाळेवर खर्च फार होतो असे म्हणणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. समग्र शिक्षेतून मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेच्या वाट्याला वर्षाला दहा हजार रुपये येतात. त्यात खडू, रजिस्टर, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छतागृहाची सफाई. बहुतेक प्राथमिक शाळांत शिपाई नाही, सफाईला माणूस नाही. मग संडासाला कुलूप लावतात किंवा मुलांच्या हातात झाडू-बादली देतात, आणि ती कोणत्या मुलांच्या हातात जाते हे जातीचा अनुभव असलेल्या मैत्रिणींना ठाऊक आहे. सहावी-सातवीतली मुलगी पाळीच्या चार दिवसांत घरी राहते ते याच कुलपामुळे. दलित-आदिवासी, भटक्या जमातींतल्या गरीब मुलींसाठी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला तो रोजचा एक रुपया. तीन दशके उलटली तरी तो एक रुपयाच राहिला. मुलीच्या हजेरीची सरकारी किंमत इतकी!

शाळेबरोबर आणखीही काही बंद होते. पोषण आहार शिजवणारी बाई बहुधा गावातलीच, पुष्कळदा एकटी किंवा विधवा. २०२३ मध्ये तिचे मानधन वाढून महिन्याला अडीच हजार झाले. शाळा गेली की तिची चूल गेली. पोराचे दुपारचे गरम जेवण गेले. अंगणवाडी शेजारी एकटी पडली. आणि बचत गटाच्या बैठकीला, ग्रामसभेला, मतदानाला बसायची वाडीवरची एकमेव सरकारी छपराची जागा गेली.

ठरवते कोण?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. महाराष्ट्रात १९९० मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के, ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ मध्ये पन्नास टक्के जागा मिळाल्या. आपण त्यासाठी झगडलो. शाळा हा जिल्हा परिषदेच्या ताब्यातला सर्वांत मोठा विषय. पण सभापतिपदे वाटताना काय होते? बायकांकडे महिला व बालकल्याण समिती. शिक्षण, अर्थ आणि बांधकाम या समित्या बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे. स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी म्हणून शिलाई यंत्रे आणि सायकली वाटायच्या, आणि नव्वद टक्क्यांचे अंदाजपत्रक दुसऱ्या खोलीत ठरायचे. मुलीला सायकल द्यायची आणि तिची जवळची शाळा काढून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

त्याहून गंभीर म्हणजे, मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि निवडणुका झाल्याच नाहीत. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचे राज्य चालले. आता तारखा जुळवून पाहा. वीसच्या आतल्या शाळांची यादी २०२२ मध्ये, समूह शाळांचे प्रस्ताव २०२३ मध्ये, संचमान्यतेचे नवे निकष २०२४ मध्ये. ज्या सभागृहात निम्म्या बायका बसल्या असत्या ते सभागृह रिकामे असतानाच हे सारे निर्णय झाले. ‘आमच्या गणातली शाळा का?’ असे उठून विचारणारी एकही निवडून आलेली बाई तिथे नव्हती. पन्नास टक्के आरक्षण कागदावर शाबूत होते, फक्त सभागृहच नव्हते.

याच काळातला आणखी एक विनोद सांगण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून सांगितले की ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिने गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवायची गरज नाही. मुलांनी सरकारी शाळेत जावे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. पण मनोवृत्ती पाहा. खाजगी शाळेचे दार बंद करताना सरकारी शाळा जवळ असते. सरकारी शाळा मिटवताना मोठी शाळा ‘फार लांब नसते’.

दुसरी बाजूही पाहू

चार मुले, एक शिक्षक, पाच इयत्ता अशी शाळा आदर्श आहे असे आपले म्हणणे नाही. मुलीला बरोबरीच्या मैत्रिणी हव्यात, खेळायला गडी हवेत, चांगला शिक्षक हवा. काही वाड्यांवर आयांनीच सांगितले आहे की धड गाडी येत असेल तर आमची पोरे मोठ्या शाळेत जाऊ देत. त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. केवळ शाळा उघडी आहे या समाधानात मुलींना निकृष्ट शिक्षणात अडकवून ठेवणे ही सुद्धा फसवणूकच.

पण हा निर्णय आकड्याने घेऊ नये, आयांनी घ्यावा. स्थलांतर मान्य करायचे तर अटी घालून. पहिली ते पाचवीची शाळा कोणत्याही कारणाने चालण्याच्या अंतराबाहेर जाऊ नये. त्यापुढच्या वर्गांसाठी गाडी आधी सुरू व्हावी, शाळा नंतर हलावी, आणि गाडीत एक बाई मदतनीस असावी. नव्या शाळेत खोल्या, स्वच्छतागृहे, शिक्षक आधी मोजून घ्यावेत. वर्षभरानंतर गेलेल्या प्रत्येक मुलीचे नाव घेऊन ती कुठे आहे ते तपासावे. एकही गळाली असेल तर जुनी शाळा पुन्हा उघडावी.

शहरातल्या मैत्रिणींसाठी हाच प्रश्न जमिनीच्या रूपात येतो. विकास आराखड्यात शाळेसाठी राखलेला भूखंड दुसऱ्याच कामाला जातो आणि वस्तीतल्या मुली दोन मोठे रस्ते ओलांडून पालिकेच्या शाळेत जातात, किंवा शाळेची इमारत ‘दुरुस्तीला’ काढली जाते आणि दुरुस्ती संपत नाही. आरक्षण बदलण्यापूर्वी हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या जाहिरातीवर नजर ठेवणे आणि मुदतीत शेकड्यांनी हरकती नोंदवणे हे काम वस्तीतले महिला मंडळ करू शकते.

आपण काय करायचे?

निवेदने देऊन झाली. आता कायद्याने जे हातात दिले आहे ते वापरू.

पहिले, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. सह्यांपुरत्या बायका बसवल्या असतील तर समिती पुन्हा निवडायला लावा. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्यात खोल्या, स्वच्छतागृह, पाणी, शिक्षक यांची गरज आकड्यांत लिहा आणि पंचायत समितीची पोच घ्या.

दुसरे, महिला सभा. ग्रामसभेआधी बायकांची सभा घेणे बंधनकारक आहे. तिथे ‘आमच्या वाडीतील शाळा बंद किंवा स्थलांतरित करण्यास आमची संमती नाही’ असा ठराव लिहून घ्या आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात चढवा. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेची डागडुजी आणि स्वच्छतागृहाची सफाई यांना रक्कम टाकून घ्या.

तिसरे, अंतर स्वतः मोजा. दोर घ्या, पावले मोजा, वेळ लिहा. पावसाळ्यात किती दिवस ओढा भरतो, वाटेत काय काय आहे, कोणत्या घरातल्या किती मुली त्या वाटेने जातील हे सारे कागदावर आणा. त्यांच्या नकाशाला आपल्या नकाशाने उत्तर द्यायचे.

चौथे, माहितीच्या अधिकारात तालुक्यातल्या निर्लेखित खोल्यांची यादी, त्यांच्या जागी मंजूर झालेल्या खोल्या आणि तीन वर्षांत खर्च झालेला निधी मागवा. शाळा नसलेल्या खोलीवर झालेला खर्चही कधी कधी त्यात सापडतो.

पाचवे, निवडून आलेल्या आणि येणाऱ्या बायकांना जाब विचारा आणि साथही द्या. शिक्षण आणि अर्थ समितीवर बायका हव्यात ही मागणी पक्ष कोणताही असो, एकत्र करा. सभागृहात एकटीने उठून बोलणे सोपे नसते. बाहेर पन्नासजणी उभ्या असल्या की आतली उठते.

तुमच्या तालुक्यात, तुमच्या वाडीवर हे काम सुरू केलेत की आम्हाला कळवा. शाळेचे नाव, पट, अंतर, खोल्यांची स्थिती आणि मुली किती एवढे पोस्टकार्डभर लिहिलेत तरी चालेल. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेले हे हिशेब आपण पुढच्या अंकात एकत्र मांडू आणि जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकी सभांपूर्वी घेऊन जाऊ.

शासन विचारते, बारा मुलांसाठी शाळा कशाला चालवायची? आपले उत्तर साधे आहे. त्या बारांपैकी सातजणी मुली असतील तर त्या सातजणींसाठी. त्यांच्या आयांनी काडेपेटीसारख्या साध्या वस्तूवरही कर भरला आहे. शाळा ही त्यांना दिलेली देणगी नाही, ती आधीच पैसे भरून ठेवलेली वस्तू आहे. ती ताब्यात घ्यायची आहे.